कानातले रातकिडे आणि कानामागचं यंत्र



आज बोलायला आम्ही पाच जणी आलो आहोत. माईकपुढून तुम्हाला एकीचाच आवाज येईल, पण समोरच्या वहीतला मजकूर पाचही जणींनी तीन दुपारी बसून लिहिलाय. आमच्यातल्या तिघींना कानामागचं यंत्र काढलं की ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नाही. केंद्रातल्या ताईंनी विचारलं तेव्हा आम्हाला आधी हसूच आलं. बहिऱ्या बायकांनी रेडिओवर काय बोलायचं? मग कळलं की ही भाषणं नंतर मासिकात छापून येतात. तेव्हा हो म्हटलं. कारण ज्यांना हे सांगायचंय त्यातल्या बऱ्याच जणी ते डोळ्यांनीच ऐकणार आहेत.

तर विषय असा. कानाला ऐकू येईनासं होतं तेव्हा शांतता होते, असं ऐकणाऱ्या माणसांना वाटतं. आमचा अनुभव उलटा आहे. बाहेरचं जग गप्प होतं आणि आतून आवाज सुरू होतो. शिवणकाम करणाऱ्या आमच्या ताईंच्या कानात रातकिडे आहेत. आमच्या बाई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्यांच्या कानात कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी सूं सूं होते ती. गिरणीवाल्या वहिनींच्या कानात गिरणी बंद करून कुलूप लावलं तरी पट्टा फिरत राहतो. आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीच्या एका कानात शिट्टी. आणि अक्कांची तऱ्हाच वेगळी. लांबवर कुठेतरी भजन चाललंय, चाल कळते, शब्द कळत नाहीत. अक्कांनी हे घरी सांगितलं आणि घरचे त्यांना देवऋष्याकडे घेऊन गेले. दोन कोंबडी गेली. भजन काही थांबलं नाही.

आपल्याकडे याला कान वाजणं म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद, आणि डॉक्टर लोक टिनिटस म्हणतात. तो वेडाचा प्रकार नाही, करणी नाही, आणि बाईचं काम चुकवायचं निमित्त तर मुळीच नाही. हे एवढं ठासून सांगतोय, कारण आम्हा पाचही जणींना यातलं काही ना काही ऐकवलं गेलंय. एका दवाखान्यात तर मान वर न करता उत्तर मिळालं होतं, "वय झालं, सवय करा." तेव्हा शिवणवाल्या ताईंचं वय एकतीस होतं.

हा आवाज येतो कुठून, ते थोडं समजून घेऊ. कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखा, अडीच वेढ्यांचा एक छोटा भाग असतो. त्याला कॉक्लिआ म्हणतात. त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. बाहेरचा आवाज त्या पेशी विजेच्या इशाऱ्यात बदलतात आणि नसेतून मेंदूकडे पाठवतात. मोठ्या आवाजाने, काही औषधांनी, वयाने किंवा आजाराने या पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आता मेंदू काय करतो? स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचं बटण पिळून आवाज वाढवतो ना, तसंच. कानाकडून काही येत नाही म्हटल्यावर मेंदू आपला आवाज वाढवतो. बोलणं काही ऐकू येत नाही, खरखर मात्र मोठी होते. ती खरखर म्हणजे आमचे रातकिडे. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी हे असं समजावलं आणि आम्हाला पटलं. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या बोटांत कळ येते, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना लवकर पटेल.

आता ताईंची गोष्ट. ताईंना टीबी झाला होता. एकदा बरा होऊन पुन्हा उलटला, आणि औषधांना दाद देईना म्हणून रोज सुई सुरू झाली. टीबीच्या काही सुया, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकॅसिन, कानाच्या त्या पेशींना मारू शकतात. जीव वाचवायला त्या लागत होत्या, ताईंचा वाचलाही. पण तिसऱ्या महिन्यात कान वाजायला लागला तेव्हा ती धोक्याची खूण आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. अशक्तपणा असेल म्हणून त्या गप्प बसल्या. दोन महिन्यांनी मुलगी मागून हाक मारतेय हे कळेनासं झालं. सुया संपल्या तोवर दोन्ही कान गेले होते. आता टीबीच्या उपचारात बहुतेक ठिकाणी त्या सुयांच्या जागी गोळ्या आल्यात, ही चांगली गोष्ट आहे. तरीही तुमच्या घरात कुणाला अशी सुई चालू असेल आणि कान वाजतो असं ते माणूस म्हणालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. सुई आपण होऊन बंद करू नका, पण सांगा.

ताई सांगतात, ऐकू न येण्याचं दुःख दिवसा असायचं, रातकिडे चोवीस तास. ओठ पाहून बोलणं कळायला लागलं होतं, पण रात्री दिवा मालवला की फक्त तो आवाज. लोक म्हणायचे पंखा लावून झोप, रेडिओ लहान करून उशाशी ठेव. थोडंफार ऐकू येतं त्याला या उपायाचा खरंच उपयोग होतो, पंख्याच्या आवाजाखाली आतला आवाज झाकला जातो. पण ज्या कानाला पंखाच ऐकू येत नाही त्याचं काय झाकणार? एका रात्री ताई उठून विहिरीपर्यंत गेल्या होत्या. सासूबाईंना जाग आली म्हणून आज त्या आमच्यात आहेत. हे त्यांच्या परवानगीने सांगतोय. असं कुणाच्या मनात येत असेल तर सरकारचा टेली मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. फक्त बहिरी बाई स्वतः फोन करू शकत नाही हे लक्षात ठेवा, तिच्यासाठी तो घरातल्या कुणीतरी लावायचा असतो.

पुढे भावाने आणि नवऱ्याने पैसे उभे केले, मुंबईच्या एका ट्रस्टची मदत झाली, आणि ताईंना कॉक्लिअर इम्प्लांट बसलं. हे साधं कानाचं मशीन नव्हे. कानाचं मशीन आवाज मोठा करून कानात सोडतं, उरलेल्या पेशी त्यावर काम करतात. इम्प्लांट त्या मेलेल्या पेशींना बाजूला ठेवून थेट नसेला वीज देतं. कानामागे चीर देऊन एक भाग कातडीखाली बसवतात. त्याची केसासारखी बारीक तार त्या शंखात सरकवतात. तारेवर कंपनीप्रमाणे १२ पासून २२ पर्यंत ठिपके असतात, प्रत्येक ठिपका वेगळ्या सुराचा. बाहेरचा भाग म्हणजे प्रोसेसर, तो कानावर अडकवायचा. त्याची एक गोल चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. ऑपरेशनला दोन-तीन तास लागतात, पण त्या दिवशी काही ऐकू येत नाही. जखम भरली की तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. त्याला सगळे स्विच ऑनच म्हणतात.

स्विच ऑनच्या दिवशी ताईंना नवऱ्याचा आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा ऐकू आला. हे बहुतेकांचं होतं. मेंदूला ती नवी भाषा शिकायला महिने लागतात. ताईंचं लक्ष मात्र तिकडे नव्हतंच. अर्ध्या तासाने त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि पाटीवर लिहिलं, रातकिडे थांबले. मग त्या रडल्या. नवऱ्याला वाटलं यंत्र दुखतंय.

वीज आणि कान यांचं नातं तसं जुनं आहे. बॅटरीचा शोध लावणारा इटलीचा व्होल्टा, त्याने १८०० सालाच्या सुमारास आपल्या दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून बॅटरी जोडली होती. डोक्यात झटका बसला आणि घट्ट काहीतरी उकळावं तसा खदखद आवाज आला. प्रयोग काही त्याने पुन्हा केला नाही. १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि आयरिएस या दोघांनी एका ठार बहिऱ्या माणसाच्या कानाच्या नसेपाशी तार बसवून वीज दिली, तेव्हा त्याला ऐकू आलेल्या आवाजांची तुलना त्याने रातकिड्याशी केली होती. आम्ही हे वाचलं तेव्हा ताई म्हणाल्या, त्याला बाहेरून रातकिडा मिळाला, माझा आतला गेला. पुढे अमेरिकेत डॉ. विल्यम हाउस यांनी इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. रुग्णांना ऐकू यावं म्हणून यंत्र बसवलं, पण त्यांतले काही सांगू लागले की कान वाजायचाही कमी झालाय. म्हणजे हा फायदा कुणी शोधायला गेलं नव्हतं.

तेव्हापासून खूप अभ्यास झालेत. त्यांचा सूर साधारण असा: इम्प्लांटसाठी येणाऱ्या मोठ्या माणसांत दहांतल्या आठांचे कान आधीपासून वाजत असतात. यंत्र बसल्यावर त्यांतल्या बहुतेकांचा आवाज कमी होतो, काहींचा पूर्ण जातो. काहींचा होता तसाच राहतो. थोड्यांचा वाढतो. आणि आधी ज्यांचा कान कधीच वाजला नव्हता अशा थोड्यांचा ऑपरेशननंतर वाजायला लागतो. यातलं पहिलं वाक्य सगळे सांगतात, शेवटची दोन कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही आज आलो.

कमी का होतो याची डॉक्टर दोन-तीन कारणं देतात. एक तर बाहेरचा आवाज आत पोचायला लागला की आतला त्याखाली झाकला जातो. दुसरं, मेंदूला पुन्हा खुराक मिळतो, मग त्याने पिळून ठेवलेलं बटण हळूहळू खाली येतं. पहिलं लगेच घडतं, दुसऱ्याला महिने लागतात. आणि आमचं स्वतःचं तिसरं कारण आहे. दिवसभर समोरच्याच्या ओठांकडे बघून बघून जे डोकं शिणायचं ते शिणायचं थांबतं, आणि शिणलेल्या डोक्यात हा आवाज जास्त मोठा असतो.

आता बाईंचं ऐका. त्यांचे कान पंधरा वर्षांत हळूहळू गेले. ताईंची गोष्ट ऐकून त्यांना वाटलं, आपलंही स्विच ऑन झालं की सूं सूं बंद. दिवसा ती निम्म्यावर आली हे खरं. पण झोपताना प्रोसेसर काढून ठेवावा लागतो, आणि काढल्यावर पाच मिनिटांत ती परत हजर, काही रात्री तर आधीपेक्षा मोठी. पहिल्या महिन्यात बाईंना वाटलं ऑपरेशन फसलं. फसलेलं नव्हतं, यंत्र असंच आहे. त्याचा बाहेरचा भाग काढला की नसेला जाणारी वीज थांबते आणि ते कान पुन्हा ठार बहिरे होतात. ताईंचेही रातकिडे रात्री परत येतात, आता तीन वर्षांनी जरा लांबून येतात इतकंच. ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी समजलेली असली तर धसका बसत नाही. बाईंनी मग ऑडिओलॉजिस्टना विचारून झोप लागेपर्यंत प्रोसेसर कानावर ठेवायला सुरुवात केली. झोप आली की हात आपोआप जातो आणि तो उशाजवळच्या डब्यात पडतो. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर दिवसा माणसं परत मिळाली, रात्रीचं अजून चाललंय.

अक्कांचा अनुभव सांगायचा की नाही यावर आमच्यात वाद झाला. कुणी घाबरून जाईल असं बाईंचं म्हणणं. अक्काच म्हणाल्या, "सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं." अक्कांचं भजन ऑपरेशनआधी मंद होतं. ऑपरेशननंतर स्विच ऑन होईपर्यंत त्याची आगगाडी झाली. भीती अशी बसली की यंत्र सुरू करायलाच त्या जाईनात. जोडीला जिभेवर लोखंडाची चव. चवीची एक बारीक नस ऑपरेशनच्या वाटेतच असते, ती दुखावली की काही दिवस असं होतं. दीड महिना भाजीत मीठ किती पडलं ते सुनेला विचारावं लागलं. चव आली परत. आगगाडी मात्र यंत्र सुरू झाल्यावरही पुरती थांबली नाही. मॅपिंग म्हणून एक प्रकार असतो. कॉम्प्युटरला यंत्र जोडून कोणत्या ठिपक्याला किती वीज द्यायची ते ठरवतात. ते एकदा करून भागत नाही, पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा जावं लागतं. अक्का गाडीभाड्याच्या पैशांमुळे दोन वेळा गेल्याच नव्हत्या. गेल्या, आवाज वाढल्याचं स्पष्ट सांगितलं, तेव्हा वीज कमी-जास्त करून बघितली आणि फरक पडला. आज आठ महिन्यांनी आवाज कमी आहे, पण ऑपरेशनआधी होता त्याहून जास्तच. पुन्हा करशील का म्हणून विचारलं तर त्या नातवाकडे बोट दाखवतात. त्याचं बोलणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते याच यंत्रातून.

म्हणून कुणी सांगत असेल की इम्प्लांट केलं की कान वाजायचा हमखास बंद होतो, तर त्याच्याकडून ते लिहून मागा. देणार नाही.

हे आम्ही गिरणीवाल्या वहिनींमुळे शिकलो. वहिनी वीस वर्षं गिरणीत उभ्या. आवाजाने कान अधू झालेत, पण ठार गेलेले नाहीत. मोठ्याने बोललं तर कळतं. त्यांना कान वाजण्याचा त्रास इतका, की कुणीतरी ताईंची गोष्ट सांगितल्यावर त्यांच्या मालकांनी रस्त्याकडेचे वीस गुंठे विकायला काढले. यंत्राची किंमतच ५-६ लाखांपासून सुरू होते आणि चांगली दुप्पट-तिप्पटपर्यंत जाते. इसार घ्यायचा दिवस ठरला होता. बाईंनी त्यांना अडवलं आणि आधी कानाची पूर्ण तपासणी करायला नेलं. ऑडिओग्रामचा कागद बघून मॅडमनी सांगितलं, या कानांना इम्प्लांटची गरजच नाही. अजून ज्या पेशी शिल्लक आहेत त्या तार सरकवताना जाऊ शकतात. म्हणजे पैसे देऊन होतं ते ऐकणं घालवलं असतं. वहिनींना दोन्ही कानांना साधी मशीन लावली. गिरणीत जाताना कान झाकायचे हेडफोनसारखे मफ घेतले. रात्री टेबलफॅन. आणि एका समुपदेशक ताईंकडे आठ-दहा वेळा जाऊन, आवाज आला तरी त्याच्यामागे धावायचं नाही, हे शिकणं. ते ऐकायला सोपं वाटतं, पण त्याला सराव लागतो. वहिनींचा पट्टा अजून फिरतो. दहात किती म्हणून विचारलं तर पूर्वी नऊ म्हणायच्या, आता चार म्हणतात. वीस गुंठ्यांत सध्या घेवडा आहे.

कान वाजणं बंद करणारी खात्रीची गोळी बाजारात नाही हेही इथेच सांगून टाकतो. लसणाचं गरम तेल कानात ओतू नका. आमच्यातल्या दोघींनी ओतलंय.

राहता राहिली आमच्यातली सगळ्यांत लहान, ती अजून तिशीचीही नाही. एका सकाळी उठली तर डावा कान बंद आणि आत शिट्टी. सगळ्यांनी सांगितलं मळ असेल, सर्दी असेल. तीन आठवड्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा उशीर झाला होता. मैत्रिणींनो, एक कान अचानक गेला तर ती तातडीची वेळ समजा. पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झालं तर कान वाचण्याची आशा असते, दिवस जातील तशी ती कमी होते. हिचा गेला. उजव्या कानाने सगळं ऐकू येतं, डाव्यात फक्त शिट्टी.

एका कानाने ऐकू येत असेल तर इम्प्लांट कशाला, असंच पूर्वी म्हणत. पण बेल्जियममध्ये अँटवर्पच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. पॉल व्हान द हेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच वीस-एकवीस माणसांना यंत्र बसवलं. एक कान मेलेला, दुसरा चालू, आणि मेलेल्या कानातला आवाज जगणं नकोसं करणारा. २००८ साली त्यांनी जे छापलं त्यात, दहापैकी ८.५ असलेला आवाज यंत्र लावल्यावर २.५ च्या आसपास आला आणि दोन वर्षांनीही तसाच राहिला. यंत्र बंद केलं की आकडा पुन्हा चढायचा, आमच्या बाईंसारखाच. त्यानंतर युरोपात आणि पुढे अमेरिकेतही एका कानाच्या बहिरेपणासाठी हे यंत्र देऊ लागले. तेव्हा इम्प्लांट फक्त कान वाजण्यासाठी कधीच नसतं असंही म्हणता येत नाही. ज्या कानात वाजतंय तो कान ऐकण्यातून गेलेला आहे का, हा पहिला प्रश्न. साधी मशीन, समुपदेशन, बाकीचे उपाय नीट करून झाले का, हा दुसरा.

हिच्या बाबतीत डॉक्टरांनी आधी एमआरआय करून घेतला. एकाच कानात वाजत असेल तर नसेवर गाठ नाही ना हे बघावंच लागतं. शिवाय एकदा इम्प्लांट बसलं की आत लोहचुंबक आलं. मग पुढे कधीही एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं आणि त्या यंत्राला चालेल अशाच ठिकाणी करायचा. आवाज नाडीच्या ठेक्यात धड धड येत असेल तर तेही डॉक्टरांना वेगळं सांगा, त्याची तपासणी वेगळी असते.

हिचा प्रश्न पैशाचा आहे. सरकारच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळतं ते लहान मुलांना. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा स्वतःच उभं राहावं लागतं, ट्रस्ट, मुख्यमंत्री निधी, नातेवाईक असं करत. खर्च एकदाच होऊन संपतही नाही. बॅटऱ्या आहेत, तुटणारी वायर आहे, काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर बदलणं आहे. आम्ही तिला सांगितलं, कंपनीच्या माणसाला यंत्राची किंमत विचारायच्या आधी वायरची किंमत विचार. कानाची तपासणी कुठे करावी असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवणासाठीची. १९८३ पासून ती हेच काम करते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही कान-नाक-घशाचा विभाग असतो.

परवा तिने वहीत आम्हा तिघींना प्रश्न लिहून दिले. यंत्र लावल्यावर अंबाडा घालता येतो का? येतो, चकतीच्या खाली. डोक्यावरून पदर घेतला की पडतं का? पडतं, पहिले सहा महिने सारखं पडतं, क्लिपने पदराला अडकव. केस किती कापतात? कानामागे दोन बोटं. ऑपरेशनआधी न्यूमोनियाची लस का देतात? कारण आतल्या कानाला वाट केली की मेंदूच्या आवरणाला संसर्ग व्हायचा थोडा धोका असतो, म्हणून ती लस चुकवू नकोस. आणि शेवटचा प्रश्न, ज्याखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या: रात्री काढून ठेवल्यावर कसं वाटतं?

ताईंनी लिहिलं, रातकिडे येतात, पण सकाळी डब्यातून यंत्र काढलं की जाणार हे माहीत असतं. बाईंनी लिहिलं, वाईट वाटतं, आणि मग झोप लागते. अक्कांनी लिहिलं, माझ्यासारखं झालं तर चालेल का, हे आधी ठरव.

तिने अजून ठरवलेलं नाही. दिवाळीनंतर तिची पुन्हा तपासणी आहे.

आमचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता याच केंद्राच्या मागच्या खोलीत बसतो. कान वाजणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, यंत्र बसवलेल्या, बसवायच्या विचारात असलेल्या, सगळ्यांनी या. घरातल्या एका ऐकू येणाऱ्या माणसाला बरोबर आणा, त्यालाही दोन गोष्टी कळतात. कानाच्या तपासणीचे जुने कागद असतील तर ते घेऊन या, आणि वही-पेन तर आणाच, आमचं निम्मं बोलणं वहीतच चालतं. दार वाजवू नका, कुणाला ऐकू जाणार नाही. सरळ आत या.